न खोडलेली ओळ

माणसाच्या खिशात पैसा नसला की त्याच्या अंगी दोन गुण आपोआप येतात. एक गोड बोलण्याचा आणि दुसरा हिशेब ठेवण्याचा. माझ्या अंगी हे दोन्ही गुण २०२३ च्या दिवाळीत एकदमच आले. त्या वेळी मी प्रथम वर्षाला होते आणि माझ्या डोक्यात एक खूळ शिरले होते.

खुळाचे मूळ आमच्या स्नेहसंमेलनात होते. आमच्या एकांकिकेचे पार्श्वसंगीत मी घरी स्वयंपाकघरात, मोबाईलवर, कुकरच्या शिट्ट्या चुकवीत मुद्रित केले होते. दोन शिट्ट्या चुकवल्या; तिसरी राहून गेली. नायिकेने पत्र फाडून डोळ्यांना पदर लावला आणि नेमक्या त्याच क्षणी ती शिट्टी सभागृहात घुमली. प्रेक्षक पोट धरधरून हसले. त्या रात्री मी ठरवले की आपल्याला ध्वनिमुद्रणासाठी एक खोली हवी. नुसती खोली नव्हे. माणसाने दारातून आत पाऊल टाकताच ‘वा!’ म्हणावे अशी देखणी खोली!

वाईतल्या आमच्या जुन्या घराला माडी आहे. माडीवरच्या खोलीची लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट, उंची आठ फूट. भिंती मातीच्या, हात-हात जाडीच्या. आत कांदे, मोडका पाळणा आणि आजोबांच्या वेळच्या पंचांगांचे गठ्ठे. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “खोली घे. विजेचं बिल तुझं. आणि कांदे कुठं ठेवायचे ते आईला विचार.” आईने कांदे जिन्याखाली नेले. माझे भांडवल होते रुपये अकराशे.

अकराशे रुपयांत आजकाल एक बरा माईकसुद्धा येत नाही. मग माझ्याजवळ आणखी काय आहे याची मी यादी केली. मराठी टंकलेखन भराभर येते. सरकारी अर्ज न चुकता भरता येतात. दहावीच्या मुलांना समास शिकवता येतात. आणि आवाज खणखणीत आहे, असे शेजारीपाजारी (जरा नाराजीनेच) म्हणतात. म्हटले, पैसे नाहीत तर नाहीत. कामाला काम देऊन पाहू.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट या वेळी आठवली. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली पैशावर एक पुस्तक लिहिले. त्याची सुरुवातच एका गायिकेने होते. पॅरिसची ही बाई दौऱ्यावर असताना पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांवर गायली. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिला द्यायचे ठरले होते. तो तिला मिळाला तो असा : ३ डुकरे, २३ टर्की, ४४ कोंबड्या, ५००० नारळ, शिवाय केळी, लिंबे आणि संत्री! एवढे घेऊन बाई जाणार कुठे? अखेर ती फळे त्या डुकरांना आणि कोंबड्यांनाच खाऊ घालावी लागली. जेव्हन्सचे म्हणणे असे की, मला हवे ते तुझ्याकडे आणि तुला हवे ते माझ्याकडे, असा दुहेरी योग क्वचित जुळतो. म्हणून माणसाने पैसा काढला. वर्ग हसला. मला मात्र वाटले, पॅरिस कुठे आणि सोसायटी बेटे कुठे! आमची वाई एवढीशी. इथे योग न जुळायला काय झाले?

आणि खरोखरच योग जुळत गेले. मी एक चोपडी घातली. डाव्या रकान्यात ‘घेतले’, उजव्या रकान्यात ‘देणे’. देणे फिटले की त्या ओळीवर आडवी रेघ.

पहिली ओळ एका मैत्रिणीच्या भावाची. लग्नकार्यात गाणारा त्याचा ऑर्केस्ट्रा २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला होता. त्याच्याकडे एक चांगला माईक आणि तो संगणकाला जोडायची पेटी धूळ खात पडली होती. माईक नाजूक जातीचा. त्याला पेटीतून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात, तेव्हा कुठे तो कान उघडतो. मी भावाच्या गाण्यांच्या तीन वह्या टंकलिखित करून दिल्या आणि माईक-पेटी वापरायला आणली. दुसरी ओळ वायरमनकाकांची. मुद्रण ऐकताना मागे सतत ‘हूं’ असा आवाज येत होता. काकांनी खोलीला नीट अर्थिंग करून दिले आणि हुंकार थांबला. मोबदल्यात मी त्यांच्या मुलीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. तिसरी ओळ शिंपीमामांची. त्यांनी पोतेभर चिंध्या दिल्या. मी त्यांच्या मुलाला तत्पुरुष आणि बहुव्रीही यांतला फरक समजावला. (पोते उचलणे सोपे होते.) चौथी ओळ गादीवाल्या चाचांची. जुन्या गाद्यांतला निघालेला कापूस त्यांनी दिला. त्यांना हवी होती टेम्पोवर लावायची जाहिरात. “जुन्या गाद्या पिंजून, नव्यासारख्या भरून मिळतील!” हा माझा आवाज वाईच्या मंडईत आजही फिरतो. माझी आजवरची सर्वांत लोकप्रिय कृती तीच.

चिंध्या आणि कापूस कशाला, असे कुणी विचारील. रिकाम्या खोलीत मी टाळी वाजवली तेव्हा टाळीमागून ‘टर्रर्र’ असा आवाज आला. समोरासमोरच्या दोन भिंती तो आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे टोलवत होत्या. एकाने सांगितले, अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटव. आईने ऐकले मात्र, तिने डोळे वटारले. पुढे कळले की त्या ट्रेंचा उपयोगही बेताचाच. पातळ पुठ्ठा खोलीचा आवाज कितीसा शोषणार? त्याला जाड, सच्छिद्र, मऊ काहीतरी लागते.

हे शास्त्र ज्याने घालून दिले त्याची हकिकत मला फार आवडली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह उघडले. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही; प्राध्यापकांचे एक वाक्य दुसऱ्या वाक्यात बुडून जाई. (आमच्या काही मित्रांना ही सोय वाटेल.) वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणी, त्या व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर! किती गादीला किती घुमारा कमी होतो, याचा नियम त्यातून निघाला. उसन्या गाद्यांवर एक शास्त्र उभे राहिले हे वाचून मला फार धीर आला.

आता लाकडाच्या चौकटी हव्या होत्या. चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच खोल अशा आठ चौकटी आणि फटी बुजवून बसवलेले एक भक्कम दार. यासाठी मी मेणवलीच्या वाटेवर राहणाऱ्या सुतारआप्पांकडे गेले.

तो दिवस वसुबारसेचा होता. आप्पा अंगणात रंधा मारत होते. आतून जात्याची घरघर येत होती आणि घरघरीवर एक म्हातारा, पण धारदार आवाज तरंगत होता. आप्पांची आई चकलीची भाजणी दळत होती. मी उंबऱ्यापाशीच थांबले. एक ओवी संपायच्या आत दुसरी तयार. भावाची, माहेराची, कृष्णामाईच्या पुराची, पंढरीच्या वाटेची.

आप्पांनी माझे सगळे ऐकून घेतले. पैसे नाहीत हेही ऐकले. मग म्हणाले, “पोरी, लाकूड माझ्याकडं पडलंय. चौकटी करतो, दार बी करतो. तू येवढंच कर. आमच्या म्हातारीच्या ओव्या तुझ्या त्या यंत्रात भरून दे. दोन-तीन पायली तरी असत्याल तिच्याकडं.”

ओव्या पायलीने मोजणाऱ्या त्या माणसाला मी आनंदाने शब्द दिला. चोपडीत ओळ लिहिली : ‘आप्पा. घेतले : आठ चौकटी, दार. देणे : आजींच्या ओव्या.’ आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. त्या क्षणी माझ्या पर्समध्ये मोबाईल होता. आजी आत गात होत्या. मी तेव्हाच मुद्रण करू शकले असते. पण अंगणात कोंबड्या होत्या, रस्त्यावर मोटारसायकली होत्या, जात्याचा आवाज होता. मी मनाशी म्हटले, असे गबाळे मुद्रण नको. आधी खोली होऊ दे. मग कसे सगळे व्यवस्थित, स्वच्छ, सुंदर!

दार बसवायला आप्पा दोन दिवस आले. काम करता करता जुन्या गोष्टी सांगत. त्यांचे आजोबा गावचे बलुतेदार. वर्षभर नांगर, पाभर, गाडीची चाके करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे. मी म्हटले, “म्हणजे आपल्यासारखंच, आप्पा. कामाला काम.” आप्पांनी पटाशी खाली ठेवली. “आपल्यासारखं न्हाई. पेंढ्या मोजणारा कुणबी, द्यायचं कवा त्यो ठरवणार. माझा आज्जा खळ्याच्या कडंला बसून ऱ्हायचा. समदं आवरलं की मग त्याला हाक. काम मात्र त्यानं आदी करून दिल्यालं असायचं.” एवढे बोलून ते हसले आणि पुन्हा कामाला लागले. मीही हसले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ आम्हाला संदर्भाला आहे, दया पवारांचे १९७८ सालचे ‘बलुतं’ मी वाचलेले आहे. परीक्षेत या विषयावर मला गुणही चांगले पडले होते. पण परीक्षेतले गुण आणि अंगी असलेले गुण यांचा संबंध असतोच असे नाही.

चौकटी आल्या. त्यांत चिंध्या आणि कापूस ठासून भरला. त्या कुठे लावायच्या यासाठी एक सोपी युक्ती आहे. आपण ऐकायच्या जागी बसायचे आणि दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून आवाज आपल्याकडे उलटतो, तिथे चौकट. धाकट्या भावाने आरसा धरला आणि स्वतःचे भांगही पाडून घेतले. उरलेल्या चौकटी कोपऱ्यांत, कारण खर्जाचा आवाज कोपऱ्यांत साचतो. टाळी वाजवली. ‘टर्रर्र’ नाहीसे झाले होते.

खोली कामाला तयार होती. तारीख होती १० डिसेंबर. पण मला ती देखणी हवी होती ना! मग आईने जुन्या लुगड्यांच्या काठांच्या आठ गोधड्या शिवायला घेतल्या, चौकटींवर चढवायला. त्यांत तीन आठवडे गेले. मग भिंतींना गेरूचा रंग. मग पितळी समईचा दिवा करून आणला. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. ‘वा!’ म्हणणारे भरपूर भेटले. महाविद्यालयाच्या काव्यवाचनाचे मुद्रण झाले, दोन एकांकिकांचे संगीत झाले, एका दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात झाली. घाई करणाऱ्यांची कामे घाईने झाली. आप्पा घाई करत नव्हते. दोनदा मंडईत भेटले. “झाली का गं खोली?” एवढेच विचारले. मी म्हणाले, “झालीच, आप्पा. संक्रांतीनंतर नक्की.”

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी आजी ओसरीवरून पाय घसरून पडल्या. उजवा हात मोडला. हाताला प्लास्टर, महिनाभर अंथरूण. उठल्या तेव्हा बोलणे तुटक झाले होते, मधेच विसरत. आता चैन पडेना. फेब्रुवारीच्या अखेरीस आप्पांनी त्यांना हाताला धरून, एकेक पायरी मोजत आमच्या माडीवर आणले.

आजींनी खोली डोळे भरून पाहिली. गोधडीवरून डावा हात फिरवला. आईला म्हणाल्या, “टाका बारीक हाय गं तुझा.” मी माईक नीट लावला, पंखा बंद केला, दार ओढून घेतले. बाहेरचा एक कण आवाज आत येईना. म्हटले, “आजी, म्हणा आता.”

आजी गप्प. पुन्हा म्हटले. त्यांनी तोंड उघडले, एक शब्द उच्चारला आणि दचकून थांबल्या. “हितं आवाज माझ्याकडं माघारी येत न्हाई गं. भिंती गिळत्यात.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आन् हातात खुंटा न्हाई. खुंट्याबिगर ओवी गळ्यात यील कुठनं, पोरी? ती काय पाठ केल्याली असती व्हय?”

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून पूर्ण गुण मिळवले होते. तिचा अर्थ मला आठ चौकटी, आठ गोधड्या आणि चार महिने घालवून कळला.

पुढच्या रविवारी मी माईक-पेटी पिशवीत घालून आप्पांच्या घरी गेले. काकूंनी जाते मांडले. आजींच्या उजव्या हातात जोर नव्हता. काकू जाते ओढत होत्या आणि आजींनी आपला डावा हात नुसता खुंट्यावर ठेवला होता, त्याच्याबरोबर फिरत होता. अंगणात कोंबड्या होत्याच. रस्त्यावर मोटारसायकली होत्याच. जाते फिरू लागले आणि दोन-चार फेऱ्यांनंतर तो आवाज आला. धार गेली होती, पण तोच आवाज. एक ओवी. लांब थांबा, नुसते जाते. दुसरी ओवी. मध्ये खोकला. अकरा ओव्या झाल्या आणि आजी थांबल्या. काकू तशाच जाते ओढत राहिल्या, की सुचेल. आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. फुडचं न्हाई येत.”

आप्पा दाराशी बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. तेच म्हणाले, “अकरा तर अकरा. मोप झाल्या.”

दोन-तीन पायलींमधल्या अकरा! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वाचले आहे. त्यांनी काही गावोगावच्या बायकांना गोधड्यांनी मढवलेल्या खोलीत आणून बसवले नव्हते. पिठाची गिरणी आली, जाती अंगणात पालथी पडली, हात थांबले तसे गळे थांबले, हे त्यांनी ओळखले होते. मला घरातल्या घरात एक चालते जाते आणि गाता गळा सापडला होता, आणि मी त्यांना चार महिने खळ्याच्या कडेला बसवून ठेवले.

होय, खळ्याच्या कडेला. त्या संध्याकाळी घरी येऊन चोपडी उघडली तेव्हा आप्पांचे ते बोलणे कानात घुमले. काम त्यांनी आधी करून दिले होते. केव्हा द्यायचे ते मी ठरवत होते. ज्यांनी तगादा लावला त्यांची देणी मी आधी फेडली. ज्याने विश्वास टाकला त्याला शेवटी हाक मारली. पैशाचे देणे थकले तर माणूस व्याज देऊन मोकळा होतो. पण काम-कामाच्या देवघेवीत उशिराचे व्याज कोण आणि कशात मोजणार? जेव्हन्सला दुहेरी योगाची अडचण दिसली. मला दिसली ती वेगळीच. योग जुळला होता, अगदी नेमका जुळला होता. फक्त मी वेळ चुकवली. आणि वेळ चुकवायची मुभा दोघांपैकी एकालाच होती.

आजी आहेत. मी अधूनमधून रविवारी जाते. मोबाईल खिशात असतो, बाकी काही नेत नाही. आता काकूंच्या ऐवजी मी जाते ओढते. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले तेव्हा आजी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. कधी एखादी ओवी येते, कधी अर्धी, कधी नुसतीच घरघर. आजवर सगळ्या मिळून एकोणीस झाल्या आहेत.

माडीवरची खोली आहे तशीच आहे. देखणी आहे, हे मी लेखिका म्हणून नव्हे, मालकीण म्हणून सांगते. आपल्या महाविद्यालयातल्या ज्या कुणाला कविता, नाटक, गाणे मुद्रित करायचे असेल त्यांनी अवश्य यावे. पैसे घेत नाही. काय करता येते ते सांगा, काहीतरी जुळवू. फक्त चोपडीला आता दोनाऐवजी तीन रकाने आहेत : ‘घेतले’, ‘देणे’ आणि ‘केव्हापर्यंत’. तिसरा रकाना आधी भरायचा आणि तो समोरच्याने भरायचा, असा नियम आहे. सगळ्या जुन्या ओळींवर आडव्या रेघा पडल्या. एक ओळ तेवढी तशीच आहे. आप्पा म्हणतात, “खोड की आता ती. फिटलं.”

मी अजून खोडलेली नाही.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला